किडनी ट्रेमधला अभ्यास

आमच्या हॉस्पिटलच्या लिफ्टशेजारी एक पोस्टर लावलंय. त्यावर सोनलचा हसरा फोटो आहे आणि खाली मोठ्या अक्षरांत लिहिलंय, 'कामाच्या धावपळीतही शिकण्यासाठी वेळ काढणारी आमची सोनल.' लिफ्ट आमच्याकडे बोलावल्याबरोबर कधी येत नाही, त्यामुळे ते पोस्टर मला रोज वाचावं लागतं. ते खोटं आहे. सोनल खोटी नाही, गुणी मुलगी आहे बिचारी. पण वेळ काढला होता मंजुळाने. तिचं पोस्टर कुणी लावणार नाही, म्हणून मी हे लिहायला बसले.

मी उत्तरा. माजिवड्याच्या या खाजगी हॉस्पिटलात लिनन रूम सांभाळते. म्हणजे चादरी, अभ्रे, पेशंटचे गाऊन आणि स्टाफचे युनिफॉर्म, सगळं माझ्या ताब्यात. नवरा गेल्यावर डोंबिवलीहून इथे यायला लागले, ती अजून येते आहे. मी कंत्राटी आहे. कंत्राटी माणसाने सुधारावं अशी कुणाची अपेक्षा नसते, त्यामुळे पुढे ज्या सक्तीच्या शिक्षणाची गोष्ट येणार आहे, ते मला लागू नव्हतं. म्हणूनच मला ते सगळं नीट बघता आलं.

मंजुळा ही एएनएम. सहायक नर्सचा छोटा कोर्स केलेली. पुरी नर्स व्हायचं तर जीएनएमचा मोठा कोर्स करावा लागतो. पेशंटला यातलं काही कळत नाही, तो दोघींनाही सिस्टरच म्हणतो. आत मात्र हा फरक अंगावरच घातलेला असतो. नर्सचा युनिफॉर्म निळा, एएनएमचा पिस्ता. निळ्या रंगाला डॉक्टर 'सिस्टर, जरा बघता का' म्हणतात. पिस्ता रंगाला 'ए मंजुळा, बेडपॅन.' दोन्ही रंगांचे गठ्ठे माझ्याच कपाटात शेजारी शेजारी असतात आणि कापडात काडीचा फरक नाही, हे मी शपथेवर सांगते.

ती पहिल्यांदा माझ्या खोलीत आली ती खांद्याची शिवण उसवली म्हणून. मी सुईदोरा शोधेपर्यंत तिने माझ्या टेबलावरून एक कागद उचलला. माझ्या ब्लडप्रेशरच्या गोळ्यांच्या खोक्यात घडी घालून घातलेला असतो ना, मुंगीएवढ्या अक्षरांचा, तो. मी तो कधी उलगडलाही नव्हता. ही उभ्या उभ्या वाचत होती.

"ताई, हा तुम्हाला लागणार नसेल तर मी घेऊ?"

"काय करणारेस?"

"वाचीन ना. घरी."

मला वाटलं, पोरगी जरा खुळी दिसतेय. पुढे कळलं की हा रोग वडिलांकडून आलेला आहे.

तिचे वडील सीताराम, कळव्याच्या चाळीत राहायचे. खोली एकच. त्या खोलीत बाबासाहेबांच्या तसबिरीखाली एक सतरंजी कायमची अंथरलेली असायची, आणि घरातला कायदा असा होता की त्या सतरंजीवर जो बसला त्याला हाक मारायची नाही. दूध उतू जाऊ दे, नळाला पाणी येऊ दे, पाहुणे दारात येऊ देत. सतरंजीवरचा माणूस घरात नाही असं धरायचं. आई एकटी हंडे भरायची, पण पोरीला उठवायची नाही. वडील स्वतः वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत होते. ड्यूटीवरून आले की सुपरवायझरच्या परीक्षेचा अभ्यास करत तिथे बसायचे. मग कंपनीच बंद पडली.

"मग?" मी विचारलं.

"मग काय, तरी बसायचे. जे मिळेल ते वाचायचे. बसायची सवय मोडायची नाही बोलायचे."

लग्न होऊन ती आंबिवलीला गेली. नवरा आनंद, मॉलमध्ये सिक्युरिटीला. माणूस वाईट नाही, पीत नाही, ओरडत नाही. सासूही तशी बरी. घर माहेरच्यापेक्षा मोठं आणि सतरंज्याही भरपूर, पण हाक न मारण्याचा कायदा तिथे नव्हता. पुस्तक उघडलं की सासू म्हणायची, "वाचतेस काय? म्हणजे मोकळीच आहेस, तर जरा लसूण सोलून दे." यात दुष्टपणा नव्हता. वाचणारं माणूस हे रिकामं माणूस, असं त्या घराचं साधं गणित होतं. कल्याणला इंग्लिश स्पीकिंगचा क्लास लावला, तर ड्यूटी बदलली आणि क्लास सुटला. कॉम्प्युटरचा लावला, तर सासूचं गुडघ्याचं ऑपरेशन निघालं. असे अर्धवट सुटलेले क्लास तिच्याकडे बरेच होते.

एक रस्ता मात्र उघडा होता. आमच्या हॉस्पिटलचं स्वतःचं नर्सिंग कॉलेज आहे. दरवर्षी एका एएनएमला हॉस्पिटल तिथे जीएनएमला पाठवतं. फी त्यांची आणि पगारही चालू. मंजुळाला ती एक जागा हवी होती. दुसरं काही ती मागत नव्हती, पगारवाढसुद्धा नाही. पण त्याला वयाची अट आहे आणि त्या अटीत ती गेल्या वर्षापर्यंतच बसत होती. आजवर ही निवड नोकरीची वर्षं बघून आणि मेट्रनला विचारून व्हायची. त्या हिशेबाने पुढचा नंबर हिचाच, असं वॉर्डात सगळे म्हणायचे. कॉलेजसाठी निवड झाली की निळा लगेच मिळतो, म्हणून मी तर वेड्यासारखी तिच्या मापाचा एक निळा युनिफॉर्म कपाटाच्या वरच्या कप्प्यात बाजूला काढून ठेवला होता. तिला सांगितलं नव्हतं.

तेवढ्यात हॉस्पिटलला कसलंसं मानांकन हवं झालं. त्यासाठी स्टाफ सतत शिकत असतो हे दाखवावं लागतं म्हणे. लगेच भिंतींवर 'शिकत राहा, वाढत राहा' असे बोर्ड लागले आणि प्रत्येकीच्या मोबाईलमध्ये एक ॲप आलं. दर महिन्याला त्यावर धडे यायचे. हात कसे धुवावेत, आग लागली तर काय करावं, औषध देताना पेशंटची ओळख कशी पटवावी. आधी व्हिडिओ बघायचा आणि मग प्रश्न सोडवायचे. कधी? तर 'आपल्या सोयीने.' वॉर्डात जिथे दोन नर्सेस हव्यात तिथे एक पळत असते. तिने तिच्या सोयीने बसून हात कसे धुवावेत याचा व्हिडिओ बघायचा! वेळ काढा, वेळ काढा असं हे सगळे साहेब सांगत होते. पण ड्यूटीतली पंधरा मिनिटं देतो, असं एकाच्याही तोंडून निघालं नाही.

आमच्या वॉर्डची इन्चार्ज म्हणजे सुमती सिस्टर. बाई कामाला वाघ, पण चतुर. आमच्या वॉर्डात कामं वाटून घ्यायची जुनी रीत आहे. एकीने सगळ्यांचे डबे गरम करायचे, एकीने सगळ्यांचे रजेचे अर्ज ऑफिसात नेऊन द्यायचे, एकीने सगळ्यांसाठी खालून वडापाव आणायचा. त्याशिवाय कुणाच्या पोटात अन्न जाणार नाही. सुमती सिस्टरने त्याच रीतीने अभ्यासही वाटून टाकला.

"मंजूला आवडतो ना अभ्यास? मग सगळ्यांचं तिच्याकडे. त्या वेळात तिचे बेड आपण बघू. आणि ती बसली असताना तिला कुणी हाक मारायची नाही, काय?"

कुणी हाक मारायची नाही! हे ऐकून मंजुळाचा चेहरा उजळला. बाकीच्यांना वाटलं, ब्याद टळली. हिला वाटलं, वडिलांची सतरंजी मिळाली.

तर दुपारी पेशंट जेवून पडले की सगळ्यांचे मोबाईल एका किडनी ट्रेमध्ये गोळा व्हायचे. किडनी ट्रे म्हणजे ते अर्धगोल स्टीलचं भांडं, पेशंटला उलटी आली की हनुवटीखाली धरतात ते. त्यात मोबाईल घेऊन मंजुळा माझ्या लिनन रूममध्ये यायची. व्हिडिओ पुढे ढकलता येत नसे. प्रत्येक फोनवर पूर्ण चालवावा लागे. ती धुतलेल्या चादरींच्या गठ्ठ्याला फोन ओळीने टेकवून ठेवायची आणि सगळे चालू करायची. एक बाई थोडंथोडं मागेपुढे तेच तेच बोलायची, 'प्रथम हात ओले करा', 'प्रथम हात ओले करा'. माझं डोकं उठायचं. मंजुळा मात्र त्या कल्लोळात मांडी घालून, रद्दीवाल्याकडून आणलेलं जीएनएमचं जुनं पुस्तक वाचत बसायची. व्हिडिओ संपले की एकेक फोन हातात घेऊन प्रश्न सोडवायची. सगळ्यांना पैकीच्या पैकी.

मी एकदा म्हटलं, "अगं, तुला राग नाही येत? शिकायचं त्यांनी, आणि शिणायचं तू?"

"ताई, बसायला मिळतंय ना," ती म्हणाली. मला तेव्हाही ते पटलं नव्हतं.

वर्ष संपत आलं तेव्हा सुमती सिस्टर दारात येऊन उभी राहिली. तिने खालच्या आवाजात सांगितलं, "मंजू, अख्ख्या वॉर्डाला पैकीच्या पैकी कसे? तपासणीवाले काय डोळे मिटून बसलेत? कुणाचे तरी कमी दाखव. सगळेच हुशार बरे दिसत नाहीत."

ती निघून गेली आणि मंजुळा ट्रे मांडीवर घेऊन बसून राहिली. एकेक फोन उचलायची आणि परत ठेवायची. ही बाई पुढच्या वर्षी रिटायर होणार, हिचा रेकॉर्ड कशाला खराब करायचा? हिची पगारवाढ अडकली आहे. ही सोनल, नुकतंच लग्न झालंय, सासरी सांगते की मला शंभर टक्के मिळतात, तिचं नाक कशाला कापायचं? सुमती सिस्टर तर इन्चार्ज. शेवटी तिने स्वतःचा फोन उचलला आणि वर्षअखेरीस साचलेले जे ढीगभर धडे बाकी होते त्यांतल्या प्रश्नांना, बरोबर उत्तर माहीत असताना, दुसऱ्याच उत्तरावर बोट ठेवत गेली.

मी ते माझ्या डोळ्यांनी पाहिलं. "वेडी झालीस का गं?" मी ओरडले.

"मग कुणाचं करू, ताई? त्यांनी विश्वासाने फोन दिलाय हातात. त्यांच्यात मुद्दाम चूक कशी करायची? माझ्यात केली तर कुणाला विचारायला नको."

"आणि नुकसान झालं तर?"

"मार्कांना कोण विचारतंय? ते काय, तपासणीपुरतं."

तेव्हा तिचं खरंही होतं. मार्कांना कुणीच विचारत नव्हतं. वर्ष संपलं, ॲप बंद झालं, तपासणीवाले आले, चहा-बिस्किटं खाऊन मानांकन देऊन गेले. आणि पंधरवड्याने ट्रेनिंगच्या संदेश सरांनी नोटीस लावली. या वर्षीपासून कॉलेजसाठी निवड 'पूर्णपणे पारदर्शक' पद्धतीने होणार. नोकरीची वर्षं नाहीत आणि मेट्रनची शिफारसही नाही. ॲपवरचे मार्क, एवढंच.

आमच्या वॉर्डात एएनएम दोघीच, मंजुळा आणि सोनल. हॉस्पिटलातल्या सगळ्या एएनएममध्ये पहिली आली सोनल. मंजुळा शेवटून दुसरी.

नोटीस वाचून ती माझ्याकडे आली आणि अभ्रे मोजायला लागली. ते माझं काम, तिचं नाही. एक गठ्ठा मोजून झाल्यावर तोच पुन्हा मोजायला घेतला. मी तिच्या हातातून काढून घेतला आणि म्हटलं, "ऊठ. संदेश सरांकडे चल. मी येते बरोबर."

संदेश सर हे गोड बोलणारं प्रकरण. खुर्ची दिली, पाणी विचारलं.

मंजुळा म्हणाली, "सर, माझी परत परीक्षा घ्या. तुमच्यासमोर बसवून घ्या. तोंडी घ्या पाहिजे तर."

"मंजुळा, आय अंडरस्टँड. पण सिस्टिममध्ये तसा ऑप्शनच नाहीये. इयर लॉक झालं ना. आणि तुमच्यासाठी उघडलं तर सगळ्यांसाठी उघडावं लागेल." मग जरा पुढे झुकून, अगदी काळजीने, त्यांनी विचारलं, "उत्तरं तुम्हीच दिलीत ना? लॉगिन तुमचंच होतं?"

मी मंजुळाकडे बघत होते. आता बोल बाई, एकदाच बोल. नाही म्हण. सगळ्यांची दिली, माझीच मुद्दाम चुकवली म्हण. पण ते म्हणायचं तर वॉर्डातल्या एकूण एक बाईची नोकरी टेबलावर मांडावी लागणार होती.

"हो सर. मीच दिली," ती म्हणाली.

माझं तोंड उघडलं होतं, तर तिने टेबलाखालून माझा हात असा दाबला की बांगडी रुतली. तिच्या गोष्टीत तिच्या मनाविरुद्ध बोलायचा मला हक्क नव्हता, हे कळतं. तरी त्या दिवशीचा संताप अजून उतरलेला नाही.

वॉर्डात परतलो तर सुमती सिस्टर वाट बघत होती. मला वाटलं, निदान आता तरी ही बाई काही चांगलं बोलेल. तिने मंजुळाला बाजूला घेतलं आणि पहिला प्रश्न विचारला, "तू काही बोलली नाहीस ना तिथे?"

"नाही सिस्टर."

"शहाणी माझी बाय." तिने सुटकेचा श्वास सोडला आणि मंजुळाच्या पाठीवरून हात फिरवला. "पुढच्या वर्षी बघू हं. पुढच्या वर्षी तुझंच नक्की."

पुढच्या वर्षी तिचं वय बसत नव्हतं. हे सुमती सिस्टरला माहीत होतं, कारण वयाच्या अटीचा कागद नोटीस बोर्डावर तिनेच टाचला होता. मी तसं तिला तिथल्या तिथे सुनावलं. ती म्हणाली, "उत्तराताई, तुम्ही चादरी बघा." मी चादरी बघायला गेले.

सोनल युनिफॉर्म घ्यायला आली तेव्हा मंजुळा तिथेच होती. सोनलचे डोळे सुजलेले. "मंजूताई, मी सांगू का सरांना? मी नाही जात म्हणून सांगते. खरंच सांगते." असं म्हणता म्हणता तिची नजर माझ्या कपाटातल्या निळ्या गठ्ठ्यावर जाऊन येत होती. तिचा राग करायची सोय नव्हती. वीस-बावीसची पोर, कल्याणच्या चाळीतली, तिच्याही घरात आजवर कुणी नर्स झालेलं नाही. नाही म्हणायची तिची तयारी होती, फक्त तिला कुणी नाही म्हणू देऊ नये एवढीच तिची इच्छा होती.

"जा गं," मंजुळा म्हणाली. "मी केलंय ते वाया कशाला घालवतेस?"

नेमकं माझ्याकडे सोनलच्या मापाचं काही शिल्लक नव्हतं. वरच्या कप्प्यातला तो एकच उरला होता. मंजुळाच वर चढून बघायला गेली आणि घेऊन खाली आली. "ताई, हा बघा मागे पडलेला. थोडा सैल होईल तिला, बाजूने टाके घातले की बसेल." तो कुणासाठी मागे पडला होता हे मी तिला सांगितलं नाही. तिने स्वतःच टाके घातले. सत्काराच्या कार्यक्रमात सोनल तोच घालून स्टेजवर गेली, संदेश सरांनी लिहून दिलेलं भाषण वाचलं, 'मी रोज जेवणाच्या सुट्टीतून वेळ काढत होते', आणि त्याच वेळी तो पोस्टरवाला फोटो निघाला.

याच्यावर कळस म्हणजे, ज्यांचे मार्क कमी त्यांच्यासाठी सक्तीचं व्याख्यान ठेवलं. विषय होता 'वेळेचं नियोजन आणि निरंतर शिक्षण'. त्यासाठी मंजुळाचं नाव आलं. रात्रपाळी करून आली होती, घरी न जाता थांबावं लागलं. बाहेरून एक कोटवाले गृहस्थ बोलावले होते. माईकच्या वायरवर चादरी अंथरायच्या म्हणून मला हॉलमध्ये बोलावलं, तेव्हा मीही मागे उभी राहून ऐकलं. त्यांनी सगळ्यांना आपल्या दिवसाचं एक वर्तुळ काढायला लावलं आणि त्यात स्वतःसाठी किती वेळ आहे ते रंगवा म्हणाले. मग फिरत फिरत मंजुळाजवळ थांबले. तिने काहीच रंगवलं नव्हतं.

"बघा," ते सगळ्यांना म्हणाले, "वेळ नसतो असं कधीच नसतं. इच्छा नसते. बरोबर ना ताई?"

आणि मंजुळा 'हो सर' म्हणाली. एवढंच नाही, तिने ते लिहून घेतलं! व्याख्यान संपल्यावर मी तिला जिन्यात गाठलं. माझ्या तोंडून जे निघालं ते इथे लिहिण्यासारखं नाही. ती शांतपणे म्हणाली, "चांगलं बोलत होते, ताई. बसून ऐकायला मिळालं. झोप तेवढी येत होती."

कधी कधी मला तिचाच राग येतो. इतकं चांगलं असू नये माणसाने. चांगलं माणूस दिसलं की बाकीच्यांना आपली ओझी उतरवायला खुंटी मिळाल्यासारखं होतं, आणि त्यातलं कुणीच वाईट नसतं. सुमती सिस्टर नाही, सासू नाही, सोनल तर नाहीच नाही. मग रागवायचं कुणावर?

सोनल आता कॉलेजात आहे. तिथे घरी करायला भरपूर अभ्यास देतात, पेशंटच्या केसवर पानंच्या पानं लिहायला लावतात. आधी ती शंका विचारायला मंजुळाला फोन करायची. मग फोटो पाठवायला लागली. 'मंजूताई प्लीज, उद्या द्यायचंय.' आता मंजुळा सरळ लिहूनच पाठवते. सोनल आपल्या अक्षरात उतरवते. मला हे कळलं तेव्हा मी कपाळाला हात लावला. मंजुळा म्हणाली, "ताई, पुस्तकं नवीन आहेत त्यांची. माझं ते रद्दीतलं जुनं झालेलं." म्हणजे कोर्स तिचा चालू आहे. फक्त नाव, हजेरी, युनिफॉर्म आणि सर्टिफिकेट तिचं नाही.

आणि ॲप? ॲप नव्या वर्षाचं पुन्हा सुरू झालं. किडनी ट्रे पुन्हा यायला लागला. गेल्या आठवड्यात दुपारी ती नेहमीप्रमाणे मांडी घालून बसली होती. एका बाजूला सोनलचा अभ्यास, दुसऱ्या बाजूला चादरींना टेकलेले फोन, आणि ती बाई आपली 'प्रथम हात ओले करा' सांगत होती. सुमती सिस्टर दारातून डोकावली. "मंजू, गेल्या वेळेसारखंच हं. सगळ्यांचे सारखे नको दिसायला." मंजुळा या वेळी एकेक फोन उचलत-ठेवत बसली नाही, अगदी मोकळ्या आवाजात म्हणाली, "माझेच कमी करते सिस्टर. मला आता काय करायचेत मार्क."

"गुणाची आहेस," सुमती सिस्टर म्हणाली आणि गेली.

मी हातातली चादर टाकून दिली. "एकदा, फक्त एकदा त्या बाईचे कमी कर. कुणाला कळणार नाही. माझ्यासाठी कर."

मंजुळा हसली. तिने सुमती सिस्टरचा फोन घेतला, सगळी उत्तरं बरोबर दिली आणि ट्रेमध्ये ठेवला. मग एकेक करत सगळ्यांचे झाले. शेवटी स्वतःचा घेतला. प्रश्न होता, औषध देण्याआधी पेशंटची ओळख कशी पटवावी. चार उत्तरं होती. ती बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिली. बरोबर उत्तर द्यायला तिला कधी एवढा वेळ लागला नव्हता. मग फोन माझ्यासमोर धरून तिने विचारलं, "ताई, यातलं चुकीचं कुठलं देऊ? अगदीच अडाणी नको दिसायला."